एका चालीची माणसं

सिद्धांतला पोलीस व्हायचं होतं. बारावीपासून त्याच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. सोलापुरात बुधवार पेठेतली त्याच्या वयाची पोरं रोज सकाळी होम मैदानावर पळायला जायची, त्यांत हाही असायचा. अभ्यासाला पक्का, उंची मापात, छाती भरलेली. अडत होतं ते फक्त पायांत. पळता पळता निम्म्यावर आला की पाऊल आत दुमडायचं, चवडा जमिनीला घासायचा आणि पोरगा तोंडावर आपटायचा. आधी बूट बदलले. मग कुणी घोटा चोळून दिला, कुणी पट्टा बांधून दिला. भरतीच्या दिवशी शेवटच्या वळणावर तो सगळ्यांदेखत पडला आणि मागच्या पोरांनी त्याला वळसा घालून शर्यत पुरी केली.

त्याची आई येसूबाई अंगणवाडीत मदतनीस होती. नवरा रिक्षा चालवायचा, तो जाऊन बरीच वर्षं झाली होती. पोरगा नापास झाला याचं दुःख तिला होतंच, पण त्याहून मोठी धास्ती वेगळी होती आणि ती तिनं कुणापाशी बोलून दाखवली नव्हती. सिद्धांत थकून घरी आला, की फरशीवर त्याची पावलं थप्प थप्प वाजायची. गुडघा उंच उचलायचा आणि पाऊल सपाट आपटायचं. तो आवाज कानावर आला की ती हातातलं काम थांबवून ऐकत राहायची. तिचा थोरला भाऊ हणमंत असाच चालायचा.

हणमंत घर सोडून गेला त्याला चाळीस वर्षं होत आली होती.

त्यांचे वडील रावजी कापड गिरणीच्या फाटकावर राखणदार होते. कडक माणूस. खाकी डगला आणि काळे बूट अंगावर चढवले की गल्लीतली पोरं खेळ थांबवायची. हणमंतनं पलटणीत भरती व्हावं ही त्यांची एकच इच्छा. पोरगा दिसायला राजबिंडा, आवाज खणखणीत. गल्लीच्या तोंडाशी उभा राहून त्यानं "येसेऽ" अशी हाक मारली की शेवटच्या घरात ऐकू यायची. पण तो डावा खांदा मागं नेत चालायचा आणि सारखा धडपडायचा. उंबऱ्याला ठेचाळायचा, चप्पल पायातून निसटली तरी त्याला कळायचं नाही. पोरं त्याला कोंबडा म्हणायची. आणि रावजी म्हणायचे, नाटकं करतो.

भरतीला गेला आणि पळताना पडला. घरी आला तेव्हा गुडघे सोललेले होते. रावजींनी दारातच विचारलं, "दारू पिऊन पळत हुतास काय रं?"

"आबा, पाय उचलत न्हाय माजा. खरं सांगतो."

"दोन पायाचा धडधाकट माणूस, आन् पाय उचलत न्हाय म्हणं! कामचुकार हाईस तू."

सारी गल्ली ऐकत होती. आई, रंभाबाई, मधे पडली तर तिलाही बोलणं खावं लागलं. दुसऱ्या दिवशी हणमंत म्हणाला, मोडनिंबला मावशीकडं जाऊन येतो. येसूबाई तेव्हा सोळा वर्षांची होती. ती त्याच्याबरोबर एसटी स्टँडपर्यंत गेली. गाडीच्या पायरीवर त्याचा पाय अडखळला, तेव्हा तिनंच खालून कोपराला आधार दिला. खिडकीतून तो म्हणाला, "जा आता घरला, ऊन लई हाय."

मोडनिंबला तो पोचलाच नाही. रंभाबाईनं पुढं आयुष्यभर मोडनिंबच्या बाजूचा कुणी भेटला की विचारलं, उंच पाय टाकत चालणारा पोरगा दिसला का कुटं? ती गेली तेव्हाही दाराकडे तोंड करूनच झोपली होती. रावजींनी मात्र त्याचं नाव पुन्हा काढलं नाही, आणि त्यांच्यासमोर काढायची कुणाची छाती झाली नाही.

तर असा तो आवाज येसूबाईच्या घरात परत आला होता. शेवटी अंगणवाडीतल्या ताईंनी सुचवलं म्हणून ती सिद्धांतला घेऊन नसांच्या डॉक्टरांकडे गेली. डॉक्टर गुरुराज अक्कलकोटकडचे, कानडी हेल काढून मराठी बोलणारे. त्यांनी सिद्धांतला बूट-मोजे काढायला लावले, टाचांवर चालायला सांगितलं. ते काही त्याला जमलं नाही. मग पायांना करंट देऊन नसांचा वेग मोजला, रक्त हैदराबादला तपासायला पाठवलं. अहवाल आल्यावर दोघांना समोर बसवून घेतलं.

"नस म्हणजे विजेची तार धरा," ते म्हणाले. "तारेवर जसं आवरण असतं तसं नसेवरही असतं. त्याला मायलिन म्हणतात. पदरावर पदर गुंडाळावेत तसं ते नसेला लपेटलेलं असतं. ते पदर नीट बसावेत म्हणून त्यात काही प्रथिनं असतात. त्यातल्या एका प्रथिनात बिघाड आहे."

प्रथिनं म्हटल्यावर येसूबाईचा चेहरा पडला. अंगणवाडीच्या भिंतीवर प्रथिनांचा तक्ता होता. बाळाला डाळ घाला, अंडं घाला, असं तिनं किती आयांना बजावलं होतं त्याला गणती नव्हती.

"म्हंजे, डॉक्टर, मी पोराला ल्हानपणी खायला कमी घातलं व्हय?"

"नाही हो, आई. खाण्यातली प्रथिनं नव्हेत ही. शरीर आपलं आपण तयार करतं. आणि सिद्धांतच्या अंगात ते कमी नाही, जास्त तयार होतंय." डॉक्टरांनी अहवाल बाजूला सारला. "आमटीत मीठ दीडपट पडलं तर काय होतं?"

"तोंडात घालवत न्हाय."

"तसंच. मीठ वाईट नाही, माप चुकलं. हे प्रथिन बनवायची आज्ञा शरीरात दोन जागी लिहिलेली असते, एक आईकडची, एक वडलांकडची. याच्यात ती तीनदा आलीय. त्यामुळं आवरण बिघडतं, निरोप पायापर्यंत पोचायला उशीर होतो, आणि पोटरी वाळत जाते. सगळ्यात लांबच्या नसा पायाच्या, म्हणून सुरुवात तिथून."

सिद्धांत खाली बघत होता. "औषध?"

"बरं करणारं अजून नाही. पण याच्यानं जीव जात नाही. व्यायाम आहे, पाऊल उचलून धरणारा पट्टा आहे. पळायची नोकरी मात्र सोडून द्यावी लागेल, बाळ." मग डॉक्टर येसूबाईकडे वळले. "हे बहुतेक वेळा घराण्यात चालत येतं. असं चालणारं दुसरं कुणी?"

येसूबाईनं सिद्धांतच्या पायांकडे बघितलं. "भाऊ हुता माजा," ती म्हणाली. "थोरला."

"आणि तुमच्या आई-वडलांपैकी?"

न्हाय, असं म्हणायला तिनं तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. रावजींच्या पायात कायम बूट असत. गिरणी बंद पडली, नोकरी सुटली, तरी त्यांनी बूट सोडले नाहीत. घरात मोजे. लहानपणी पायावरून बैलगाडी गेली, असं सांगायचे. म्हातारपणी भिंत धरून चालायचे. ते गेले त्या दिवशी अंघोळ घालताना मोजे उतरवले, तेव्हा तिनं ते पाय पहिल्यांदा पाहिले होते. कमानीसारखे वर उचललेले तळवे, कोंबडीच्या नख्यांगत आत वळलेली बोटं, काठीसारख्या नळ्या. म्हातारपणानं झालं असेल, असं समजून तिनं त्यांवर पाणी ओतलं होतं.

"आबा," ती म्हणाली. "आमच्या आबांचे पाय तसेच हुते."

डॉक्टरांनी तिच्याही पायांना करंट दिला. तिचाही वेग कमीच निघाला. दुखणं तिच्यातही होतं, पण सौम्य. चप्पल निसटते, झंपरची बटणं लावायला वेळ लागतो, हे सगळं ती वयावर ढकलत आली होती. म्हणजे रावजींकडून तिच्यात आणि तिच्याकडून लेकात. घरी येताना रिक्षात ती तोंडाला पदर लावून बसली.  नव्या वेशीपाशी गाडी अडकली तेव्हा सिद्धांत म्हणाला, "आई, तू काय ठरवून दिलंस का मला? रडू नको." आणि थोड्या वेळानं, "मामाला कुणी सांगितलंच नसंल ना, की तो खोटं बोलत नव्हता?"

हे एक वाक्य तिच्या मनात घर करून बसलं. इतकी वर्षं तिला भावाची आठवण यायची ती सणासुदीला, उन्हाच्या झळांमध्ये, एसटीची पायरी चढताना. आता तिला त्याला काहीतरी सांगायचं होतं, आणि सांगायला तो नव्हता. भाकरी थापता थापता ती त्याच्याशी मनातल्या मनात बोलायची. दादा, तुझ्या नसेवरचं आवरण बिघडलं हुतं. दादा, आबांचंबी तसंच हुतं. सिद्धांतनं फोनवर शोधून बघितलं. ती स्वतः मोडनिंबला जाऊन आली, मावशीच्या नातवांना भेटली. त्यांना हणमंत हे नावही नीट माहीत नव्हतं. हा माणूस जिवंत तरी आहे का, असं त्यांच्यातल्या एकानं विचारलं, आणि ती चहा न घेताच उठली.

सिद्धांतनं मैदानावर जाणं बंद केलं. काही दिवस तो नुसता भिंतीकडे तोंड करून पडून असायचा. पुढं कारकुनाच्या परीक्षेचा अर्ज भरला, पण मन त्यात नव्हतं. पायाच्या पट्ट्याचं माप द्यायला मात्र तो आईच्या आग्रहाखातर गेला.

व्यायामाचे आणि पट्ट्यांचे रुग्ण डॉक्टर गुरुराज आठवड्यातून एकदा बघायचे. त्या दिवशी बाकांवर जिल्हाभरातली माणसं होती. सिद्धांत आत गेला होता. येसूबाई डबा मांडीवर घेऊन बसली होती. तेवढ्यात बाहेरच्या लांब व्हरांड्यातून पावलं वाजत आली. थप्प. थप्प. तिला वाटलं सिद्धांतच मागच्या दारानं आला. तिनं मान वर केली तर एक पोरगी येत होती. विशी-बाविशीची, खांद्याला पिशवी, नीटनेटका पंजाबी ड्रेस. गुडघा उंच उचलायचा, पाऊल सपाट टाकायचं, आणि पाऊल टाकताना डावा खांदा किंचित मागं न्यायचा. तो खांदा सिद्धांतचा नव्हता. तो खांदा येसूबाईनं एसटी स्टँडवर शेवटचा पाहिला होता.

पोरगी शेजारीच येऊन बसली. 

"कुटनं आलीस, बाळ?"

"माळशिरसहून."

"एकटीच?"

"हो. पप्पांना चालता येत नाही, आई शाळेत स्वयंपाक करते. मला पहिल्यांदाच बोलावलंय इथं."

"पप्पांचे पायबी असेच हायत?"

पोरगीनं जरा त्रासिकपणे बघितलं. तिला अशा प्रश्नांची सवय असावी. "हो. का हो?"

"रागावू नगं. माजा ल्योक आत हाय, त्येचेबी तसेच हायत. माजेबी." येसूबाईनं चपलेतून पाऊल काढून दाखवलं. कमानदार तळवा, वळलेली बोटं. पोरगी त्या पावलाकडे बघतच राहिली. मग तिनं नकळत स्वतःची सँडल काढली आणि तिच्या पावलाशेजारी आपलं पाऊल ठेवलं. रंग वेगळा, वय वेगळं, घडण तीच.

"तुज्या पप्पांचं नाव काय गं?"

"हणमंत."

येसूबाईच्या मांडीवरचा डबा खाली पडला.

पोरीचं नाव संघप्रिया. येसूबाईनं घर सोडून गेलेल्या भावाचं सांगितलं, ते तिला खरं वाटेना. पप्पा सांगायचे, माजं कुणी न्हाय. कुठले, विचारलं की म्हणायचे, गाडी जितं थांबली तितला. माळशिरसमध्ये त्यांचा लाऊडस्पीकरचा धंदा होता. लग्नं, जयंती, आठवड्याचा बाजार, निवडणुका, कुठंही हणमंतचाच आवाज. पाय गेले, मग हातातलं बळ गेलं, पण आवाज तसाच होता. आता खुर्चीत बसूनच बाजाराच्या दिवशी माइकवर बोलायचे. संघप्रियानं तिथूनच फोन लावला. "पप्पा, इथं एक बाई आहेत. येसूबाई म्हणून," एवढंच ती म्हणाली आणि फोन येसूबाईच्या कानाला लावला.

पलीकडून पंख्याची घरघर ऐकू येत होती.

"दादा," येसूबाई म्हणाली. पुढचं सगळं पाठ असलेलं विसरली.

तिकडून प्रश्न आला, "आई हाय का?"

"न्हाय, दादा."

फोन बंद झाला. जरा वेळानं पुन्हा वाजला. "पोरीला गाडीत नीट बसवून दे," हणमंत म्हणाला. "आन् तू ये."

पुढच्या रविवारी मायलेक माळशिरसला गेले. येसूबाईनं शेंगाची चटणी आणि कडक भाकऱ्या बांधून घेतल्या होत्या. सारी वाट ती खिडकीतून ऊस बघत होती आणि तिला दिसत होता वीस वर्षांचा पोरगा, दाट केसांचा, गुडघे सोललेला. घराच्या दारात संघप्रिया उभी होती. आत, खिडकीशी, खुर्चीवर एक टक्कल पडलेला, वाळकुडा म्हातारा बसला होता. हाताची बोटं आत मुडपलेली. येसूबाई उंबऱ्यातच थबकली. आबाच बसलेत असं वाटलं तिला.

"लई म्हातारी झालीस की," तो म्हणाला. आणि त्या आवाजानं ती आत ओढली गेली.

जवळ बसली. त्याच्या बायकोनं पाणी दिलं. सिद्धांतनं मामाच्या पायावर डोकं ठेवलं तेव्हा हणमंतनं त्याच्या पायांकडे, बुटातल्या नव्या पट्ट्यांकडे बघितलं आणि म्हणाला, "पोलिसात जायचं हुतं म्हणं तुला?"

"हो, मामा."

"मला पलटणीत." तो हसला नाही. "पडल्यावर उठून पळालास का?"

"नाही. तसाच बसून राहिलो."

"मी उठून पळालो हुतो. पुन्हा पडलो."

जेवणं झाल्यावर पोरं ओसरीवर गेली. मग येसूबाईनं सगळं सांगितलं. तारेचं आवरण, दीडपट मीठ, तीन जागी लिहिलेली आज्ञा. सांगताना ती अडखळली, काही मागंपुढं झालं.  शेवटी ती म्हणाली, "आबांकडनं आलं हे, दादा. आबांचे पाय आपल्यावानी हुते. म्हणून त्येंनी बूट काढलं न्हाईत कधी."

हणमंत खिडकीतून बाहेर बघत होता. बाहेर उन्हात कुणाची तरी शेळी ओरडत होती.

"म्हंजे त्येंला ठावं हुतं," तो म्हणाला.

"प्रथिनाचं कुणाला ठावं असणार त्या वक्ताला?"

"त्येचं न्हाय म्हणत मी. पाय उचलत न्हाय म्हंजे काय हुतं, ते त्येंला ठावं हुतं. स्वतःचे बूट बांधताना रोज कळत हुतं. आन् तरी मला..." त्याचा तो खणखणीत आवाज चिरकला.  मग म्हणाला, "भ्याला असंल. मी त्येच्यावानी हुईन म्हणून भ्याला असंल."

"तसंच असंल, दादा."

"असंल. पर मला सोलापूर सोडावं लागलं ना."

 तिनं त्याची मुडपलेली बोटं आपल्या हातात घेतली आणि एकेक करून सरळ करत बसली. सोडलं की ती परत वळायची.

मग तो विचारत सुटला. गल्लीच्या तोंडाला लिंब हाय का? बोरिंगचं पाणी येतं का अजून? गिरणीचा भोंगा वाजतो का?

"गिरणी बंद पडून जमाना लोटला, दादा. पोरांना भोंगा ठावं न्हाय."

"मला अजून ऐकू येतो," तो म्हणाला. "सकाळच्या पाळीचा."

"मग चल की घरला. सिद्धांत गाडी ठरवंल. चार दिवस ऱ्हा. लोकं बघतील, म्हणतील रावजीचा हणमंत आला."

त्यानं मान हलवली. "चालत गेलेला माणूस हाय मी तितनं. कसा का असंना, पायावर गेलो. आता खुर्चीतनं उचलून नेल्यालं मला न्हाय आवडायचं, येसे. तू येत जा."

तिनं पुन्हा पुन्हा विनवलं. त्यानं ऐकलं नाही.

परतीच्या गाडीत सिद्धांत बोलत होता. माइकचं सामान दुरुस्त करायला मामानं शिकवतो म्हटलंय, संघप्रियाचं पट्ट्याचं माप पुढच्या आठवड्यात, तिच्याबरोबर मीच जाईन. कितीतरी दिवसांनी पोरगा असा भरभरून बोलत होता. येसूबाई हुंकार देत होती. तिला आनंद झाला नव्हता असं नाही. भाऊ सापडला होता, जिवंत होता, त्याला बायको-लेक होती, खोटं बोलत नव्हतास हे त्याला सांगून झालं होतं. आणि तरी छातीतली ती जुनी जागा रिकामीच होती. चाळीस वर्षं ती ज्याची वाट पाहत होती तो दाट केसांचा पोरगा काही माळशिरसला भेटला नव्हता. तो अजून मोडनिंबच्या गाडीतच कुठंतरी होता. आता त्याची वाट पाहण्यातही अर्थ नव्हता, आणि वाट पाहायची सोडवतही नव्हती.

दुसऱ्या दिवशी अंगणवाडीला निघताना फोन वाजला.

"पोचलीस नीट?" हणमंतनं विचारलं.

"व्हय, दादा. कालच पोचलो."

"कुटं हाईस आता?"

"दारात. कामाला निघाले."

"मग चालत चालत बोल," तो म्हणाला. "वाटेत काय काय दिसतंय ते सांग मला. सावकाश सांग."

येसूबाईनं कुलूप लावलं, चप्पल पायात नीट बसवली आणि गल्लीतून चालायला लागली. "हे बघ," ती म्हणाली, "डाव्या हाताला येडू न्हाव्याचं दुकान हुतं ना, तितं आता मोबाइलवाला हाय..."

पलीकडून पंख्याची घरघर येत होती. फोन चालू होता. ती सांगत राहिली.